पवईची प्रयोगशाळा, खारघरची खाट: इम्युनोॲक्टची वाटचाल

द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून एक छोटी प्लास्टिकची पिशवी बाहेर निघते. कोमट पाण्यात ती वितळवतात, तिच्यावरचे नाव आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरचे नाव दोन जण मोठ्याने वाचून जुळवतात, आणि मग ती सलाइनसारखी लावतात. पिशवी काही मिनिटांत रिकामी होते. आत असतात त्या रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी. काही आठवड्यांपूर्वी त्याच्याच रक्तातून काढलेल्या आणि मधल्या काळात पुरत्या बदललेल्या. हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही, कारण जगात ते दुसऱ्या कुणालाही चालणार नाही.

अमेरिकेत अशा एका पिशवीची किंमत 3 कोटी रुपयांहून अधिक पडते. आपल्याकडे, पवईच्या आयआयटीत रुजलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीची पिशवी 30 ते 40 लाखांना पडते. हा फरक आपोआप पडलेला नाही. औषध कुठे जन्मले, त्याचा परवाना कुणाच्या हाती गेला, त्यात पैसा कुणी आणि कोणत्या टप्प्यावर घातला, या साऱ्यातून तो घडला. म्हणून ही गोष्ट शोधाची जितकी आहे तितकीच परवान्याची आणि भांडवलाचीही आहे.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथवर देशभरातून आलेली माणसे औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांच्या फायली उशाशी घेऊन झोपतात. ज्यांचे नशीब थोडे बरे, त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळते. वाशीची खाडी ओलांडली की खारघरला टाटाचेच संशोधन केंद्र लागते, त्याला सगळे ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विभाग तिथेच आहे. ही दोन ठिकाणे डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय पवईत काय झाले याचे मोल कळत नाही, कारण पवईतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून हाच रुग्ण होता.

आधी या उपचाराची रीत सांगतो. आपल्या रक्तात टी नावाच्या पेशी असतात, शरीराचे पहारेकरीच त्या. कर्करोगाची पेशी मात्र शरीरातूनच उपजलेली असल्यामुळे पुष्कळदा त्यांच्या नजरेतून निसटते. बी पेशींच्या रक्ताच्या कर्करोगात आणि लिम्फोमात या बिघडलेल्या पेशींच्या अंगावर सीडी19 नावाचे एक प्रथिन खुणेसारखे असते. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढायच्या, एका निर्धोक केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवे जनुक पोहोचवायचे, म्हणजे सीडी19 ओळखणारा एक हुक त्यांच्या अंगावर उगवतो. मग त्या पेशी कोट्यवधींच्या संख्येत वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि परत त्याच शरीरात सोडायच्या. त्याआधी दोन-तीन दिवस हलकी केमो देऊन शरीरात त्यांच्यासाठी जागा करून ठेवतात. याला कार-टी उपचार म्हणतात. केमोला दाद न देणाऱ्या, किंवा बरा होऊन पुन्हा उलटलेल्या आजारात, जिथे पूर्वी डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत, तिथे हा उपचार कामाला येतो.

2012 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या गेल्या. तिचा ल्युकेमिया दोनदा उलटला होता. ती बरी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्ल जून यांच्या प्रयोगशाळेतल्या या तंत्राचा जागतिक परवाना नोव्हार्टिसला दिला. पाच वर्षांनी, 30 ऑगस्ट 2017 रोजी, अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली आणि किंमत जाहीर झाली: 4 लाख 75 हजार डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे 3 कोटी रुपये. दुसरी वाट काइट नावाच्या छोट्या कंपनीची. आरी बेलडेग्रुन यांनी ती 2009 मध्ये काढली, 2012 मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी, स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या विभागाशी, करार केला, खासगी गुंतवणूकदारांचा आणि पुढे शेअर बाजाराचा पैसा उभा केला. 2017 मध्ये गिलियड या बड्या कंपनीने काइट 1190 कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्या औषधाची किंमत 3 लाख 73 हजार डॉलर ठरली.

या गुंतवणूकदारांना मी दोष देणार नाही. कर्करोगावर म्हणून हाती घेतलेली बहुतेक औषधे वाटेतच गळतात, आणि अशा बुडत्या खात्यात दहा-दहा वर्षे पैसा ठेवायला कुणीतरी लागतेच. पण एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. दोन्हीकडे सुरुवातीचे संशोधन विद्यापीठात किंवा सरकारी प्रयोगशाळेत झाले, त्यात जनतेचा पैसा होता, आणि परवाना देताना औषध शेवटी कोणत्या किमतीला विकावे यावर त्या जनतेचा हात उरला नाही. 1190 कोटी डॉलर मोजून घेतलेली कंपनी ती रक्कम औषधातूनच वसूल करणार. आणि किंमत एकदा न्यूयॉर्कच्या विमा कंपनीला परवडेल अशी बसली, की धाराशिवच्या शेतकऱ्याचे नाव त्या हिशेबातून गेलेच.

राहुल पुरवार 2013 मध्ये आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात आले. पीएचडी जर्मनीत हॅनोव्हरला, पुढचे संशोधन बॉस्टनला हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयात. प्रतिकारशक्तीचा अभ्यास हा त्यांचा हातखंडा. अमेरिकेत एमिली बरी होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पवईत या कामाची कुठलीच घडी बसलेली नव्हती. लागणारी रसायने परदेशातून, विषाणू परदेशातून, आणि मुख्य म्हणजे माणसाला द्यायच्या जनुक बदललेल्या पेशी देशात कुणी बनवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणते कागद कुणाकडे न्यायचे हेही पायवाट पाडत जायचे होते. अलका द्विवेदी आणि अथर्व कारुळकर ही तेव्हाची विद्यार्थी मंडळी. पुढे तीच कंपनीच्या संस्थापकांत आली. टाटामधून मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्तविकारांचे डॉक्टर हसमुख जैन सोबत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या निराली शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवायला हात आखडता घेतला नाही. पवईची माणसे तिथे गेली, पेशी कशा वाढवतात, रुग्णाला कशा देतात, दिल्यानंतर कोणता त्रास कोणत्या दिवशी उठतो, हे शेजारी उभे राहून शिकली.

इथे त्यांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला तोच सर्वांत मोलाचा. तयार औषधाचा परवाना परदेशातून आणून इथे भरायचे नाही. रचना आपली करायची. सीडी19 ओळखणारा जो हुक अमेरिकी औषधांत वापरतात तो मुळात उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला आहे. पवईच्या गटाने तो बदलून माणसाच्या प्रतिपिंडाशी जुळता केला. हेतू असा, की शरीराने त्याला परके मानू नये आणि उपचारानंतरचा त्रास, विशेषतः मेंदूवर होणारा परिणाम, कमी राहावा. जनुक वाहून नेणारा विषाणूही त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. कार-टीच्या खर्चातला हा मोठा वाटा. तो बाहेरून विकत घेतला असता तर किमतीचे गणित तिथेच संपले असते. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एका विषाणूच्या मागे बसलेल्या विद्यार्थ्याला बाहेरचे जग विचारते, ‘अजून झाले नाही का?’ त्या वर्षांची किंमत पुढे लाखांत कमी झालेल्या बिलात दिसते.

2018 मध्ये इम्युनोॲक्ट स्थापन झाली. आयआयटीतच नवउद्योगांना जागा आणि आधार देणारी ‘साइन’ ही संस्था आहे, तिच्या छत्राखाली. कंपनी काढण्याचे कारण सरळ आहे. विद्यापीठ औषध शोधू शकते, विकू शकत नाही. निर्जंतुक खोल्यांचा कारखाना, दर्जा तपासणारी माणसे, दिल्लीच्या औषध नियंत्रकांसमोर दरवेळी हजर राहणारा विभाग हे प्राध्यापकाच्या अनुदानातून उभे राहत नाही. म्हणून शोधाचा हक्क परवान्याने कंपनीकडे जातो, आणि गाडी तिथून पुढे कुठे वळणार हे परवाना घेणाऱ्यावर ठरते. इथे तो ज्यांनी शोध लावला त्यांच्याच कंपनीला मिळाला. सातासमुद्रापलीकडच्या मुख्यालयाकडे तो गेला असता तर किंमत तिथल्या बाजारावर ठरली असती, आणि खारघर त्यांच्या नकाशावर केव्हा आले असते, देव जाणे.

सुरुवातीचा पैसा लोकांचा होता हे ठळकपणे नोंदवले पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या संस्थेने आधी प्रयोगशाळेतल्या कामाला मदत केली आणि मग राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून टाटा आणि आयआयटीच्या गटाला माणसांवरच्या चाचण्यांसाठी 19 कोटी 15 लाख रुपये मंजूर केले. अमेरिकेच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे जेमतेम सहा रुग्णांच्या औषधाचे बिल.

4 जून 2021. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून महाराष्ट्र नुकता डोके वर काढत होता. त्या दिवशी खारघरच्या बोन मॅरो प्रत्यारोपण विभागात, पवईत बनलेल्या पेशी पहिल्यांदा रुग्णाला दिल्या गेल्या. भारतातली ती पहिली कार-टी. पेशी दिल्या की काम संपत नाही, खरी जागरणे तिथून पुढे सुरू होतात. या पेशी कर्करोगावर तुटून पडल्या की शरीरात रसायनांचा पूर येतो, ताप चढतो, रक्तदाब उतरतो, श्वास लागतो. तो ताप पेशी कामाला लागल्याची खूणही असतो आणि जिवावर बेतणारे संकटही. दर काही तासांनी तापमान बघणारी परिचारिका, रुग्णाला रोज एकच वाक्य लिहायला लावून हस्ताक्षर बिघडते का ते पाहणारा निवासी डॉक्टर, अतिदक्षता विभागात राखून ठेवलेली खाट, हे सगळे मिळून हा उपचार होतो. हस्ताक्षराची गोष्ट ऐकून मी थबकलो होतो. मेंदूवर परिणाम होऊ लागला तर तो कधी कधी आधी अक्षरात दिसतो. एवढे पुढारलेले औषध, आणि त्याची राखण करायला कागद आणि पेन.

खासगी गुंतवणूकदार आला तो यानंतर. 2021 च्या अखेरीस हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या कंपनीने 46 कोटी रुपये घालून इम्युनोॲक्टमधला एक चतुर्थांशाहून थोडा अधिक, म्हणजे 26.62 टक्के हिस्सा घेतला. पुढे तो वाढवला. लॉरसचा मूळ धंदा औषधांचे कच्चे घटक बनवण्याचा, त्यातही एड्सवरच्या औषधांचा. या भागीदारीत मला एक विलक्षण योग दिसतो. टी पेशींत जनुक पोहोचवणारा विषाणू एचआयव्हीवरूनच घडवलेला असतो, त्याची रोग देण्याची शक्ती काढून घेतलेली. ज्या विषाणूने एका पिढीला भयभीत केले, त्याच्यावरच्या स्वस्त गोळ्या करून मोठ्या झालेल्या कंपनीचा पैसा, त्याच विषाणूला कर्करोगाच्या कामाला जुंपणाऱ्या कंपनीत लागला.

पैशाची ही वेळ महत्त्वाची आहे. कागदावरची कल्पना घेऊन गुंतवणूकदाराच्या दारात उभे राहिले की तो अर्धी कंपनी मागतो, कारण सगळी जोखीम त्याची असते. इथे पहिली जोखीम सरकारी पैशाने उचलली होती, पहिला रुग्ण झाला होता. त्यामुळे संस्थापकांच्या हाती सूत्रे राहिली आणि कमी किमतीचा जो हेतू घेऊन काम सुरू झाले तो भागभांडवलाच्या कागदांत हरवला नाही. भारतात औषध शोधणाऱ्या प्रत्येक तरुण गटाने ही क्रमवारी अभ्यासावी असे मला वाटते.

नवी मुंबईत कारखाना उभा राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी इम्युनोॲक्टच्या या उपचाराला, ‘नेक्सकार19’ला, मंजुरी दिली. पंधरा वर्षांवरील रुग्णांसाठी, बी पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा उलटला असेल वा नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल तर. देशात मंजूर झालेला हा पहिला कार-टी उपचार. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आवारात तो देशाला अर्पण केला. मार्च 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष आले. 64 रुग्ण, आणि ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांतल्या 73 टक्क्यांत आजार हटला किंवा ओसरला. हे सगळे असे रुग्ण होते ज्यांच्यापुढे दुसरे फारसे काही उरले नव्हते. दोन मृत्यू उपचारामुळे झाले, तेही त्याच निबंधात नोंदले आहेत. आजार हटणे म्हणजे कायमचा बरा होणे नव्हे. काहींचा पुन्हा उलटतो, आणि म्हणून या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. हे औषध म्हणजे चमत्कार, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टाटाचे डॉक्टरही तसे सांगत नाहीत.

या वाटेवर इम्युनोॲक्ट आता एकटी नाही. बेंगळुरूत किरण मजुमदार-शॉ, सिद्धार्थ मुखर्जी आणि कुश परमार यांनी इम्युनील काढली. तिने दुसरी रीत पत्करली. बार्सिलोनाच्या सरकारी रुग्णालयातल्या संशोधकांनी विकसित केलेल्या कार-टीचा परवाना घेतला, इथे चाचण्या केल्या, आणि 2025 मध्ये ‘कार्टेमी’ नावाने ती आणली. परवाना परदेशातला असला तरी तो सार्वजनिक रुग्णालयाकडून घेतलेला, नफ्याच्या बाजारातून नव्हे. दोन कंपन्या, दोन रीती. स्पर्धेने किंमत उतरली तर रुग्णाला दोन्ही सारख्याच.

पण 30 ते 40 लाख. हा आकडा अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवला की लहान दिसतो आणि परळच्या फुटपाथवर ठेवला की डोंगराएवढा होतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मदत मिळते. उरलेले 25 ते 35 लाख कुठून आणायचे? औषधाखेरीज रुग्णालयाचा मुक्काम, अतिदक्षता, रक्त, तपासण्या, घरच्यांचे मुंबईतले राहणे वेगळेच. शेतीच्या उत्पन्नावर जगणारे घर शेत विकून एका माणसाला वाचवते आणि बाकीच्यांना उघड्यावर आणते, हे खेड्यापाड्यांत कुणाला नवीन नाही.

ज्या औषधाचे पहिले पैसे लोकांनी दिले, ज्याची पहिली चाचणी सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर झाली, त्याच्या काही पिशव्या दरवर्षी लोकांच्या रुग्णालयांसाठी ठरलेल्या दराने राखून ठेवा, अशी अट पुढच्या प्रत्येक अनुदानात आणि प्रत्येक परवान्यात लिहिली गेली पाहिजे. गुंतवणूकदाराला त्याचा मोबदला मिळो, तो त्याने कमावला आहे. लोकांचा मोबदला एवढाच. महाराष्ट्र सरकारने अशा उपचारांसाठी वेगळा निधी काढावा, आणि तो पेशी बनवणाऱ्या कंपनीशी एकत्र भाव ठरवून खर्च करावा. एकेका नातेवाइकाने कॅश काउंटरपुढे उभे राहून भाव करायची ही गोष्ट नव्हे.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना एक सांगणे. ल्युकेमिया किंवा लिम्फोमा पहिल्यांदा उलटला की त्याच भेटीत डॉक्टरांना कार-टीबद्दल विचारा. केमोचे फेरे जितके वाढतात तितक्या टी पेशी थकतात, आणि थकलेल्या पेशींतून चांगले औषध बनत नाही. पैशाची सोय नाही म्हणून विचारायचेच टाळू नका. टाटामध्ये वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग आहे, कोणत्या विश्वस्त निधीकडे अर्ज करायचा आणि कोणते कागद जोडायचे ते तिथे सांगतात. आधी फाईल घेऊन तिथे जा, शेताच्या सात-बाराकडे नंतर बघा.